गणपतीपुरती सुटलेली शाळा

प्रिय वन्सं,

तुमचं वर्षश्राद्ध अजून व्हायचंय आणि मी तुम्हाला पत्र लिहायला बसलेय. तुम्ही असतात तर आधी लाल पेन शोधला असतात, मग वाचलं असतंत. पण आज लिहिल्यावाचून राहवत नाही. शाळा सुरू होऊन आठवडा झाला तरी आपली सायली, प्रमोदची मुलगी, तुमची लाडकी नात, शाळेत गेली नव्हती. ती आपल्या गणपतीच्या कारखान्यात बसून मूर्तींना चमकते खडे चिकटवत होती.

आठवी झाली तिची. प्रमोद म्हणाला, "गणपतीपुरतं गं आई. पोरीचा हात चांगलाय. विसर्जन झालं की जाईल शाळेत."

गणपतीपुरतं! लालबाग-परळात या एका शब्दानं किती पोरांची शाळा बुडाली, ते तुमच्याहून जास्त कोणाला ठाऊक? गणपती जाईपर्यंत देवीच्या मूर्ती दारात उभ्या असतात. देवी गेली की दिवाळी. तोवर सहामाही होऊन गेलेली असते आणि पोरालाच वर्गात तोंड दाखवायची लाज वाटते. बरं, यात वाईट कोणीच नसतं. आईबाप प्रेमानंच म्हणत असतात.

मागे पेपरात वाचलं, आपल्यासारख्या देशात जन्मलेलं मूल किती वर्षं शाळेत जाईल, याचा म्हणे मोठी माणसं अंदाज बांधतात. आकडा काही माझ्या लक्षात राहिला नाही. त्यांच्या अंदाजात आमच्या कारखान्याचा हंगाम धरलाय का, एवढंच मला विचारायचं होतं.

तुम्ही कसं केलं असतंत, ते मला माहितीये. पालिकेच्या शाळेत तुम्ही बाई आणि घरात कारखानदाराची मोठी बहीण. घरच्या गणपतीचा पाट कारखान्यात न्यायचा मान तुमचा, घरच्या लेकीचा. तो पाट आत गेल्याशिवाय हे रंगाच्या डब्याला हात लावत नसत. आणि तुम्ही तो मांडीवर घेऊन खुशाल उंबऱ्यात बसायचात. "आत शाळेच्या वयाची जेवढी पोरं आहेत, ती शाळेत गेली की देते."

हे रडकुंडीला यायचे. "ताई, मुहूर्त टळतोय."

"टळू दे. विद्येचा देव आहे तो. त्याला कसली घाई?"

मग पोरं दप्तरं आणायला घरी पळायची आणि तुम्ही पदर झटकून उठायचात. आम्ही मागून हसायचो. तुम्हाला कळत होतं ना ते?

कारखाना आता प्रमोद बघतो आणि यंदा पाट माझ्याकडे आला. मीही उंबऱ्यात बसून पाहिलं. प्रमोदनं हसत हसत तो माझ्या मांडीवरून उचलला. "आई, आत्यासारखं नको करूस, कंबर धरेल." झालं! पाट आत, सायली आत आणि मी बाहेर. दरारा काही वारशानं मिळत नाही, वन्सं. सायलीच्या आईची, नीताची, तळमळ दिसत होती, पण ती सकाळी सातला कामावर जाते. म्हणाली, "आई, माझं दोघंही ऐकत नाहीत. तुम्हीच बघा."

मी काय बघणार? मी स्वतः सातवी.

इथं एक रुसवा आहे, आज सांगूनच टाकते. अख्ख्या गल्लीतल्या पोरांना तुम्ही विचारलंत, पुढे काय करणार म्हणून. मला नाही विचारलंत. आमच्या गावातली शाळा सातवीपर्यंतच. पुढची खाडीपलीकडे. मुलीला रोज होडीनं कुठे धाडायचं, म्हणून माझं तिथंच संपलं. लग्न होऊन इथं आले, तर दुपारी तुम्ही चाळीतली पोरं शिकवायला घेऊन बसायचात आणि मी आत तुमचा चहा ठेवायचे. एकदा म्हणाला असतात, "शैला, तूही बस," तर मी बसले असते. पण तुम्हाला सुचलं नाही. कसं सुचणार? घरात सून येते ती शिकून संपलेलीच असते, असं सगळेच धरून चालतात. मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

शेवटी मी सायलीजवळ जाऊन बसले. चिमट्यात खडा धरून ती मुकुटावर बसवत होती. हात खरोखर सुरेख आहे, खोटं कशाला बोलू? मी शाळेचं काढलं तशी म्हणाली, "आजी, टेन्शन नको घेऊस. आठवीपर्यंतच कंपल्सरी असतं. आणि तू तर सातवी ना? तूच सगळ्यांना सांगतेस, माझं काय अडलं म्हणून."

सांगायचे खरी. पाहुण्यांसमोर, हसून, जन्मभर. पण अडलं होतं, वन्सं. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बोलले.

म्हटलं, "तुझी आत्याआजी हॉस्पिटलात होती ना, तेव्हा दिवसभर मी तिच्या उशाशी असायचे. डॉक्टर यायचे, आपसात इंग्रजीत बोलायचे. मी विचारलं की म्हणायचे, मुलगा आला की सांगतो. गुंगीतून जाग आली की ती माझा हात धरून विचारायची, शैला, काय म्हणाले? मी म्हणायचे, सुधारतंय म्हणाले. मला माहीतच नव्हतं गं. माझी सगळ्यांत जवळची बाई चालली होती आणि उशाशी बसून ते मला सगळ्यांच्या शेवटी कळलं. दहावी झाले असते तर त्यांचं सगळं कळलं असतं असं नाही. पण पुन्हा विचारायला तोंड तरी उघडलं असतं. एवढं अडलं माझं."

सायलीनं चिमटा खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "पण पप्पांची ऑर्डर आहे, आजी. माझ्या जागेवर कोण बसणार?"

"मी बसते," म्हटलं.

प्रमोद ऐकतच होता. "आई, तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय."

"म्हणून तर आता दिसतंय," मी म्हटलं.

तो पुढच्या मूर्तीकडे वळला. रागावला असेल किंवा त्याला त्याची आत्या आठवली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी नीतानं सायलीची वेणी घातली आणि पोर नववीच्या वर्गात गेली. मी तिच्या स्टुलावर बसले. माझ्या हातून मुकुटाची पहिलीच ओळ वाकडी झाली. प्रमोदनं ती काढली आणि पुन्हा कशी लावायची ते मला दाखवलं. बोटं अजून गोंदानं चिकटलीत, म्हणून अक्षर असं आलंय. तेवढं चालवून घ्या.

वन्सं, तुमच्यासारखं सगळ्या गल्लीचं मला जमणार नाही. एकीचं जमेल. सायली दहावीचा शेवटचा पेपर देऊन घरी येईपर्यंत ती जागा माझी. ती स्वतः येऊन ऊठ म्हणाली, तरी उठणार नाही.

तुमची,
शैला