रेच्यावर कोण, ढिगावर कोण

१२ डिसेंबर, मंगळवार
आजबी जिनिंगमंदी कवडीच कवडी. बोंडअळीनं खाल्लेला कापूस, रुई कमी न् कचरा जास्त. सरकी काढाच्या रेच्याच्या रोलरात गुंतते, न् बायका चालत्या मशीनीत हात घालून काढतात. जाळ्या बसवा म्हून म्यानेजरले पुन्हा सांगतलं. म्हणे, जाळी लावली का घडीघडी मशीन बंद ठेवा लागते. बरं बावा.
सकाळी गेटवर कांता आली, डोळे सुजलेले. नवऱ्यासंग वाजलं असन. तिले रेच्यावर नाही जाऊ दिलं, कापूस निवडाच्या ढिगावर बसवलं. रागावली माह्यावर. रागावू दे, बोटं त शाबूत राह्यली. मुकादमीण म्हून मले दुसरं काय येते? कोणतं तोंड आज मशीनीजवळ नाही पाह्यजे, एवढंच कळते.

१६ डिसेंबर, शनिवार
म्यानेजरनं हापिसात बोलावलं, खुर्ची दिली, चहा पाजला. म्हणे, बाई, तुमाले माणसं कळतात, तुमच्या पाळीत कोणाले लागत नाही. आपण फुगलो. मंग इचारलं, ढिगावर जास्त कोणाले बसवता? सांगून देल्लं भडाभडा. कांताचं नाव पह्यलं. वाटलं, बिचाऱ्याईले हलकं काम देईन.

१९ डिसेंबर, मंगळवार
कापसाच्या गाड्या कमी येऊन राह्यल्या, बायका कमी करा लागतात. म्यानेजर सोता गेटवर उभा. हप्त्यात दोनदा ढिगावर बसली का तिसऱ्या दिवशी घरी, असा नियम. कांता वापस गेली. डब्याची पिशवी उचलली न् चालली.
हापिसात जाऊन भांडली मी. तो शांत. म्हणे, नावं त तुमीच सांगतली. आपलेच दात न् आपलेच ओठ.

२३ डिसेंबर, शनिवार
गेटवर सगळ्या हसतमुख. पावडर काय, लिपस्टिक काय, जशा लग्नाले निघाल्या. एकीचा हात धरून पाह्यला, तापानं फणफणलेला. म्हणे, काकू, उन्हात उभी होती ना. डिसेंबरात, सकाळी सकाळी!
फुफ्फुसात रुई जाते म्हून तोंडाले दुपट्टा बांधा, हे म्याच शिकवलं. आता घरूनच बांधून येतात, डोळे तेवढे दिसतात. त्या डोळ्याईतूनबी हसतात. कोणाले बरं नाही, मले काई समजून नाही राह्यलं.

२८ डिसेंबर, गुरुवार
चंदा. कांताची धाकटी जाऊ. सकाळी आली तेच म्यानेजरच्या चालीची नक्कल करत. पोट धरधरून हसलो सगळ्या, मी सगळ्यात जास्त. हसता हसताच तिले तीन नंबरच्या रेच्यावर पाठवलं.
जेवणाच्या सुट्टीच्या आंदी कवडी गुंतली, तिनं हात घातला. गफूरभाई मिस्त्रीनं धावत येऊन बटन बंद केलं, पण उजवा हात गेला, मनगटापावत. तिले जीपमंदी टाकलं तवा म्या मांडीवर डोकं घेतलं.
संध्याकाळी कांता दवाखान्यात भेटली. तिच्याकडून कळलं, चंदाचं पोरगं रातभर सलाईनवर होतं. पहाटे थेट तिथूनच ड्युटीवर आली. डोळ्याले डोळा लागला नव्हता. न् मी हसली. लय माणसं कळतात मले!

३० डिसेंबर, शनिवार
म्यानेजरनं पुन्हा चहा पाजला. चौकशीले सरकारी साहेब येणार. म्हणे, चंदानं सांगावं, जाळी होती, म्याच काढली. शेठ दवाखान्याचं पाह्यतीन, चंदाची जागा कांताले देतीन. तुमीच जा, तुमचं आयकते ती. त्याचा आवाज मऊ, डोळ्यात पाणी. माह्याकडूनच शिकला का काय कोण जाणे. आरडाओरड केली असती त बरं झालं असतं, तोंडावर थुकता तरी आलं असतं.

२ जानेवारी, मंगळवार
यवतमाळले दवाखान्यात गेलती, चंदाले पाहाले. ठरवलं होतं, म्यानेजरचं काई बोलाचं नाही. बोलाचं कामच नाही पडलं, निरोप तिच्यापावत आंदीच पोचला होता. चंदाच म्हणाली, "काकू, जाळी म्याच काढली म्हून सांगून देते. कांताबाईले घ्या म्हणा."
"जाळी होती कुठं, चंदा?"
"नव्हतीच. मंग काय करू, तुमीच सांगा."
काय सांगू? नको म्हणाव, त घरात कमावणारं कोण? हो म्हणाव, त माह्याच तोंडात किडे पडो. वरणात पोळी कुस्करून तिले भरवत राह्यली. डाव्या हातानं तिनं माह्या पदराले पुसलं, सांडलं होतं तिथं. मले लय लाज वाटली.

३ जानेवारी, बुधवार
साहेब उद्या येणार. आज तीन नंबरवर जाळी चढली, बाकीचे रेचे उघडेच. गफूरभाईनं सांगतलं, साहेब गेला का उतरवाचा हुकूम हाय. "तुमी काय सांगसान साहेबाले?" मी म्हटलं, पाहू. उलटून इचारलं त तोबी म्हणे, पाहू. दोघंबी भेकड. खरं बोललं का बायकाईचंच काम बंद, नाही बोललं त दुसरीचा हात.
दिवेलागणीले कांता दारात. आत ये म्हटलं, आली नाही. उद्या तिले तीन नंबरवर उभं राहाचं हाय. चंदाचा हात गेल्यापासून तिचे हात थरथरतात, म्या दुरूनच पाह्यलं. पदरात लपवून उभी होती.
"काकू, उद्या गेटवर माह्याकडं पाहू नका."
पाह्यलं त तिले ढिगावर बसवा लागन. ती जराशी थांबली न् गेली. भाकरी टाकाची राह्यली हाय अजून.