ब्रेकसाठी ठेवलेलं एरंडेल

प्रिय श्रावण,

तू अकोल्याला गाड्यांच्या कारखान्यात शिकत होतास तेव्हा मी तुला एक पत्र पाठवलं होतं. त्यानंतर हे दुसरंच. त्याचंही उत्तर तू दिलं नव्हतंस, आणि याचं येणार नाही हे मला समजतं. तरी लिहिते आहे, कारण काल तुझे जोडीदार हमीदभाई आले होते.

शाळा सुटायच्या वेळी ते फाटकाशी उभे होते. अमरावतीहून यष्टीनं एवढ्या लांब अंजनगावला आले, आणि घरी चला म्हटलं तर नाही म्हणाले. तिथेच निंबाखाली बसले.

"बाई, एक कागद लिहून द्या. मले मराठी लिवता येत नाही."

कागद तुझ्या घरवालीच्या, शेवंताच्या नावानं होता. त्यांनी सांगितलं ते असं: ब्रेकच्या नळीचा जोड मी केला होता, तो सुटला, माझ्या हातून श्रावण गेला, मला माफ कर. येत्या रविवारी तुला जाऊन वर्ष होतं. वलगावला सगळे जमतील. शेवंताला वाचता येत नाही, म्हणून तो मी वाचून दाखवायचा. "माह्या तोंडातून निंघत नाही बाई, तुमी वाचा," असं म्हणाले.

आणि मी लिहून दिला, श्रावण! माझ्या हातानं, चांगल्या अक्षरात, समास सोडून. त्यांनी खाली उर्दूत सही केली. दोनदा विचारलं, "बराबर लिवलं ना?" मी म्हटलं, बरोबर.

तो जोड सुटला नव्हता. हे मला जवळजवळ वर्षभर माहीत आहे.

तुझी पहिली मोटार आठवते का रे? अकोल्याच्या भंगारातून कोणा साहेबाच्या लहान मोटारीचं इंजन आणि सांगाडा आणलास, आणि तू न् हमीदभाई दोघांनी मिळून तेलाची पिंपं कापून, वाळूच्या पोत्यावर पत्रा ठोकून तिला अंग केलं. दोनच माणसांची, टप नाही, दार नाही, उंची माझ्या कमरेएवढी. पिंपावरची इंग्रजी अक्षरं बाजूला उलटी आली होती. तू म्हणालास, "राहू दे, वेगात कोण वाचते?" वलगावात तिला सगळे डबडी म्हणत. "श्रावण, डबडीले झाकण कधी लावतं?" तू म्हणायचास, "तुमच्या तोंडाले लागलं का मंग."

त्या मोटारीत मी एकदाच बसले. अमरावतीच्या चौकात लोक बघायला लागले तशी मी पदर तोंडावर ओढला.

"बाई, तोंड काहून झाकलं?"

"धूळ आहे," मी म्हटलं.

तू मोटार हळू केलीस. तुला समजलं होतं. तुझी बहीण मास्तरीण, विधवा, कोणाच्या डोळ्यांत न येता जगणारी. तिला तुझ्या मोटारीची लाज वाटली हे तुला समजलं होतं. मला तेव्हाच सांगता आलं असतं की मोटार चांगली आहे. खरंच चांगली होती. पण मला असं काही वेळेवर सांगताच येत नाही.

मग ती मोडून तू ट्रक बांधायला घेतलास. लढाईनंतर लिलावात निघालेला सांगाडा, एका गाडीचं इंजन, दुसऱ्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत बैलगाडी चाकाच्या तुंब्यापर्यंत रुतायची, तिथे तुझा ट्रक चाकांना साखळ्या बांधून गुरगुरत जायचा. चाकांवरचे पत्रे तू काढून टाकले होतेस. त्यांत माती भरून चाक अडतं, हे तुला कोणी शिकवलं नव्हतं. ज्या वावरांच्या धुऱ्या-बांधावर आपल्याला कधी कोणी थांबू दिलं नाही, तिथले मालक तुला "श्रावणभाऊ, उद्या येता का?" म्हणत चिखलात वाट पाहायचे.

छप्पन साली त्याच ट्रकमध्ये वलगावची माणसं तू नागपूरला नेलीस. पांढरी लुगडी, पांढरी धोतरं, उभं राहायला जागा नव्हती. मी पुढे तुझ्याजवळ होते. इंजन तापलं तशी तू एका गावच्या विहिरीवर गाडी थांबवलीस, आणि पाणी शेंदणाऱ्या बाईनं आपण कोण हे ओळखूनही बादलीभर पाणी आणून गाडीत ओतलं. तू मला म्हणालास, "पाय बाई, गाडीले पायजे म्हटलं तं देतेत. आपून मांगतलं असतं तं?" मागची माणसं हसली. मीही हसले. त्या दिवशी पदर ओढला नव्हता, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवते.

गाडीची नोंद करायचा अर्ज मीच लिहिला होता. त्यात बनवणाऱ्या कंपनीचं नाव विचारलं होतं. मी म्हटलं, काय लिहू? तू बराच वेळ कान खाजवलास आणि म्हणालास, "माहं लिव. हमीदचंबी लिव." कारकून आधी हसला, मग त्याच्या साहेबानं गाडीखाली शिरून तासभर पाहिलं आणि पास केली. तेवढा आनंद मी तुझ्या चेहऱ्यावर लग्नातही पाहिला नाही.

आता तेलाचं.

ब्रेकचं तेल आपल्या भागात मिळायचं नाही. तू एरंडेल आणि स्पिरिट निम्मं निम्मं मिसळून घरीच करायचास. मेळघाटात बांबू आणायला जाताना माझं घर वाटेत, म्हणून एरंडेलाची मोठी बाटली माझ्याकडे ठेवलेली. "बाई, रबराले एरंडेलच चालते. दुसरं तेल रबर खाते." हे तू मला सांगितलं होतंस, एकदा नाही, चारदा. पण तू गाडीचं बोलायला लागलास की मी हं हं करत भाकरी थापायची. माझं लक्ष तव्याकडे.

मास्तरीणबाईच्या घरी एरंडेल आहे, हे गल्लीत समजलं होतं. कोणाच्या पोराचं पोट धरलं, कोणा बाळंतिणीला हवं, की वाटी घेऊन दारात. मी नाही म्हणत नव्हते. शाळेतल्या बाईच्या दारातून कोणी रिकामं गेलं नाही, ही माझी ऐट. तुझ्या शेवटच्या फेरीआधी पाहिलं तर बाटली अर्ध्याच्या खाली. तू येशील आणि म्हणशील, बाई, माहं तेल गावाले वाटलं! म्हणून मी घरातलं जवसाचं तेल ओतून ती भरून ठेवली. रंग सारखा, जाडी जवळपास सारखी. तेल ते तेल, असं मला वाटलं. अठरा वर्षं मुलींना शिकवते मी!

तू आलास. ब्रेकमधलं जुनं तेल सगळं काढून टाकलंस, अंगणात बसून नवीन मिसळलंस, बाटली हलवली आणि उन्हात धरलीस.

"बाई, हे आज गढूळ काहून दिसून राहिलं?"

मी चुलीपाशी होते. सांगायला तोंड उघडलं होतं, हे खरं आहे. पण तेवढ्यात तूच म्हणालास, "थंडीनं असन."

तुझी ही सवय! प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आपणच द्यायचं. थोडा थांबला असतास तर? मी हळू बोलणारी बाई आहे रे, मला वेळ लागतो. पण हेही मनाचंच समाधान. तू त्यानंतर चहा प्यायलास, दोन भाकरी खाल्ल्यास, शेवंतासाठी माझ्या हातच्या शेवया बांधून घेतल्यास. अर्धा तास होता माझ्याजवळ. मी एवढंच म्हटलं, सावकाश जा.

चौथ्या दिवशी बांबू भरून उतरताना ते झालं. दोन्ही मजुरांना तू ओरडून खाली उड्या मारायला लावल्यास आणि गाडी डोंगराच्या अंगाला घातलीस. ते वाचले. त्यातला एक मला दवाखान्यात भेटला. म्हणाला, "बाई, श्रावणभाऊ पायडल फसलं म्हणत होते. दाबलं तं दाबल्या जाईना." जोड सुटला असता तर पायडल सैल पडलं असतं, हे तेव्हा मला समजत नव्हतं. महिनाभरानं यष्टीच्या ड्रायव्हरला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ब्रेकमध्ये जवसाचं तेल पडलं तर काय होतं?

तो म्हणाला, "रबर फुगते बाई. आन् जवस तं डिंकावानी चिकटते. कोण्या शहाण्यानं टाकलं?"

आणि मोठ्यानं हसला. मीही हसले, श्रावण.

सरकारी कागदावर आलं, घरी बांधलेल्या गाडीच्या बांधणीतील दोष. गावात ट्रकलाही डबडीच म्हणायचे; आता म्हणतात, डबडीनंच खाल्लं त्याला. तू बांधलेल्या वस्तूत खोट होती, असं तुझ्यामागे सगळे धरून चालले आहेत. ज्यांच्या कपाशीची गाठोडी तू चिखलातून बाहेर काढलीस, तेही. आणि हमीदभाईंनी त्या दिवसापासून जोडकामाची गॅसची बत्ती हातात धरली नाही. सायकलींचे पंक्चर काढतात. काल सही करताना त्यांनी कागद अगदी डोळ्यांशी नेला. तू बांधायला घेतलेला दुसरा ट्रक तुमच्या पडवीत अर्धाच उभा आहे, त्यात शेवंताच्या कोंबड्या बसतात.

वर्षभर मी स्वतःला म्हणत होते, सांगून काय होणार? तू येणार नाहीस. दुसरा ट्रक कोणी पुरा करणार नाही. हमीदभाईंचे हात पहिल्यासारखे चालतील असंही वाटत नाही, त्यांना आता बारीक दिसत नाही. सरकारी कागद बदलणार नाही. आणि शेवंता? तुझे भाऊजी गेल्यापासून मला हक्काचं दार तेवढं एकच. उन्हाळ्याच्या सुटीत ती माझ्या केसांना तेल लावून देते, आणि तू गेल्यावर मला म्हणाली होती, "बाई, आता तुमीच." तिला मी काय सांगू? की तुझा नवरा माझ्या ऐटीनं गेला?

म्हणून गप्प राहिले. यात दुसरा कोणी मरत नाही, असं धरून चालले होते. पण कालपासून तसं म्हणता येत नाही. एक भला माणूस माझ्याकडूनच माझा गुन्हा स्वतःच्या नावावर लिहून घेऊन गेला, आणि जाताना "तुमचे उपकार झाले" म्हणाला. मी त्यांना यष्टीपर्यंत पोचवायला गेले. सगळी वाट त्यांच्या शेजारी चालले आणि तिथेही बोलले नाही. गाडी हलली तरी मी तशीच उभी.

तुला राग येईल का? तू रागावलास तर मला जरा बरं वाटेल. पण मी तुला ओळखते. तू म्हणशील, "जाऊ दे बाई, तुले कुठं माईत होतं?" माहीत होतं, श्रावण. चारदा सांगितलं होतंस. आणि गढूळ का दिसतं, हे त्या अंगणात फक्त मला माहीत होतं.

मला यातून काही चांगलं निघेल असं वाटत नाही. रविवारनंतर बहुतेक मी अंजनगावातच राहीन, आणि वलगावचं दार मला बंद होईल. त्यात शेवंताची चूक नाही. तिला कोणी समजावायला जाऊ नये, असंच मी सगळ्यांना सांगणार आहे.

तुला शब्द देते. रविवारी वंदना झाली की मी उभी राहीन. हमीदभाईंचा कागद वाचणार नाही. आधी त्यांच्याकडे पाहून सांगीन, नंतर शेवंताकडे पाहून, आणि मग जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, शाळेत बोलते तसं: जोड पक्का होता, गाडी पक्की होती, तेल मी बदललं, आणि त्यानं विचारलं तेव्हा मी गप्प बसले. एवढं बोलून होईपर्यंत रडणार नाही. रडले तर बाया जवळ घेतील, पाणी देतील, पुरे बाई म्हणतील, आणि माझं बोलणं पुन्हा अर्धंच राहील.

तुझी
बाई