चार कोरड्या अक्षता

४ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी ७.१०
पुण्याहून मेल आला. निवड झाली. घरांच्या आतल्या खोल्यांची थ्रीडी चित्रं करायची, इथं हुबळीत, विद्यानगरात आपल्या खोलीत बसून. ६ ऑक्टोबर, सोमवार, सकाळी नऊपासून एक महिना ट्रायल. अट एकच. कॉम्प्युटर स्वतःचा हवा आणि त्यांच्या यादीप्रमाणे हवा. माझ्या कॉलेजच्या लॅपटॉपवर त्यांचं सॉफ्टवेअर उघडायलाच अकरा मिनिटं लागतात. घड्याळ लावून बघितलं.
ट्रायल हुकली तर डिसेंबरपासून अप्पांच्या शाळेत, तिसरीच्या वर्गावर. अप्पांनी हेडमास्तरांच्या कानावर घालून ठेवलंय. मला तिसरीतल्या मुलांची भीती वाटते. हे कुणाला सांगितलेलं नाही.
इंटरव्ह्यूत एक झालं. शीतल मॅडमनी मशीन कुठलं म्हणून विचारलं आणि मी सांगून बसले की मी स्वतः पार्ट्स आणून बनवलंय. हे खोटं नव्हे. आगाऊ खरं आहे. ६ तारखेच्या आत खरं होईल.
कृष्णाआत्यानं मला चौथीपर्यंत घरीच शिकवलं. तिचा पहिला धडा असा की खोटं बोलू नये, आणि बोललंच तर लिहून ठेवावं, म्हणजे विसरायला होत नाही. म्हणून लिहिलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार
अप्पांबरोबर देशपांडे नगरातली शोरूम. तयार मशीन. बजेटमध्ये बसणारं, पुण्याच्या यादीशी ओळ न् ओळ जुळणारं. ऑफर अमावास्येपर्यंत. अप्पा गणिताचे मास्तर, त्यांना एवढ्यावर उत्तर मिळालं. घेऊन टाकू म्हणाले. बिघडलं तर रागवायला एकच माणूस, ही त्यांच्या मते तयार मशीनची मोठी सोय.
मी म्हटलं, मी बनवणार. अप्पा म्हणाले, डोसा खायचाय तर तांदूळ पेरायला कशाला निघालीस?
घरी येऊन धारवाडला प्रभंजनला फोन. माझा मामेभाऊ. घराण्यात कॉम्प्युटरमधलं कळणारा हा एकटाच. तो म्हणाला, तयार मशीन म्हणजे पंगतीतला चित्रान्नाचा भात. वरून शेंगदाणे, आत काय ते आचाऱ्याला ठाऊक. तू फक्त पार्ट्स घे, मी रविवारी येऊन दोन तासांत बसवून देतो.
दोन तास. अप्पांना मुद्दाम ऐकू जाईल असं म्हटलं.

८ सप्टेंबर, सोमवार
पितृपक्ष लागला. आता अमावास्येपर्यंत नवीन वस्तू घेणं नाही. अप्पा या दिवसांत केरसुणीसुद्धा आणत नाहीत. गेल्या वर्षी मिक्सर जळला तर आत्यानं पंधरा दिवस पाट्यावर चटणी वाटली. म्हणजे शोरूमची ऑफर आपोआप गेली. वादही नको, काही नको. याला मी कौल समजते.
पंधरा दिवस थिअरी. वेगळी वही घातली. रोज दोन व्हिडिओ, नोट्ससह.

१४ सप्टेंबर, रविवार
प्रभंजन यादी तपासायला येणार होता. आला नाही. फोनवर म्हणाला, बरतेनी, बरतेनी, पुढच्या रविवारी नक्की. 'येतो' हे त्यानं कन्नडमध्ये म्हटलं की मला थोडी शंका येते. पण कामाचा माणूस बिझी असणारच.
स्थिर विजेचा व्हिडिओ पाहिला. अंगात वीज साचते, तिनं पार्ट जळतात. बसवताना लोकर नको, कुणाला शिवायचं नाही, आधी लोखंडाला हात लावायचा. आत्याला समजावून सांगितलं. ती म्हणाली, सोवळंच की हे. तिला एका वाक्यात कळलं. अप्पांना दोन दिवस सांगतेय.

१७ सप्टेंबर, बुधवार. एकादशी
अप्पा शाळेतून फार उशिरा आले. दिवसभराचा उपास, तोंड सुकलेलं. देशपांडे नगरात जरा काम होतं म्हणाले. काय काम ते विचारायचं राहिलं, कारण मी प्रोसेसर तापू नये म्हणून त्यावर थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी लावायची की तांदळाएवढी यात होते. जाणकारांत दोन तट आहेत.

२१ सप्टेंबर, रविवार
प्रभंजन आला नाही. अमावास्येला धारवाडहून हुबळीला येत नाहीत म्हणे. धारवाडहून येणाऱ्या चिगरी बसमध्ये आज बसायला जागा नव्हती, असं शेजारच्या कविताअक्कांनी सांगितलं. ते सगळे कुठून आले कोण जाणे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
दुर्गदबैल बाजाराच्या मागच्या गल्लीत नागोजींचं पार्ट्सचं दुकान. एका बाजूला भुसार माल, एका बाजूला दोरखंड, मध्ये हे. साठीचे गृहस्थ, कपाळाला गंध, गळ्यात भिंग अडकवलेलं. माझी यादी चष्मा वर करून वाचली. अक्का, यादी चांगली हाय, कुणी केली? मी म्हटलं, मी. मान हलवली. बरं वाटलं.
मग म्हणाले, हितंच बसवून, चालू करून देतो, पैसा नको. घरी नेऊन प्लगला लावा की झालं.
मी नको म्हटलं. ते म्हणाले, नोड्री अक्का, हे बघा, मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो ते हे सॉकेट. ह्यात केसासारख्या पिना हायत. वरचं झाकण प्रोसेसर बसवायच्या क्षणालाच काढायचं, त्याच्या आधी नाही. हे त्यांनी तीनदा सांगितलं. एवढं तीनदा का सांगायचं? माल जुना असणार आणि आधीच सबब तयार करून ठेवत असणार. बॉक्सचं सील चारही बाजूंनी तपासलं. अखंड होतं. तरी लक्षात ठेवलंय.
कॅबिनेट तेवढं सोमवारी आणीन. उद्या शनिवार, लोखंड घरात आणत नाहीत, आणि आज दोन हातांत मावेना.

२८ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी ६
प्रभंजन आला नाही, म्हणून मीच धारवाडला गेले. तो आंघोळीला गेला होता. मी त्याच्या खोलीत बसले. त्याचं मशीन बघितलं. ज्याच्याबद्दल तो तीन वर्षं बोलतोय ते.
तयार आहे. कंपनीचं. मागच्या स्क्रूवर 'उघडल्यास वॉरंटी रद्द' हा स्टिकर जसाच्या तसा. वर प्रोसेसरचे, ग्राफिक्सचे पाच-सहा रंगीत स्टिकर बाहेरून आणून चिकटवलेत. एकाखाली कंपनीचं नाव अर्धं दिसतं.
तो केस पुसत आला. मी स्टिकरवर बोट ठेवलं. म्हणाला, अगं, तत्त्व वेगळं आणि सोय वेगळी. मामी उपमा घेऊन आल्या. खाल्ला. न खाणं बरं दिसलं नसतं.
या माणसानं आयुष्यात एक स्क्रू फिरवलेला नाही. मी याच्या भरवशावर अप्पांशी तेवीस दिवस वाद घातला.
निश्चय: यापुढे फक्त स्वतःवर भरवसा.

२९ सप्टेंबर, सोमवार
कॅबिनेट आणलं. नागोजींनी पुन्हा विचारलं, बसवून देऊ का? पुन्हा नको म्हटलं. अप्पा शाळेतून आल्यावर सहज विचारतात, किती झालं? काहीच झालं नाही असं सांगितलं की खूश दिसतात. स्वतःच्या वडिलांबद्दल असं लिहू नये. पण दिसतात.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
हत्यारांची पूजा. अप्पांची स्कूटर, आत्याची कात्री, विळी, स्वयंपाकघरातला सुरा, आणि माझे पार्ट्स पाटावर मांडून. आत्या म्हणाली, तुझं ते नाजूक आहे, खोक्यावरच अक्षता वाहा. पण खोक्याला वाहिलेली पूजा खोक्याला पोचणार. जे करायचं ते मुळापासून, हे तिनंच शिकवलेलं. ती विसरली असेल, मी विसरले नाही.
मदरबोर्ड बाहेर काढला. आधी लोखंडाला (स्कूटरला) हात लावला. सॉकेटचं झाकण उघडलं, कारण झाकल्या डोळ्यांनी देव बघत नाहीत. पाण्याचा थेंब नाही, गंध नाही, हळदीकुंकू नाही. एवढी काळजी कुणी घेणार नाही. फक्त चार कोरड्या अक्षता. कोरड्या तांदळातून वीज जात नाही, वहीत बघून घेतलं.
पूजेत ठेवलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. तसंच ठेवलं. वर स्वच्छ पंचा.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
सकाळी पंचा काढला. अक्षता उचलल्या. तीन मिळाल्या. चौथी मुंगीनं नेली असावी.
१०.०५ आंघोळ करून, सुती साडी नेसून बसवायला घेतलं. कुणी शिवायचं नाही. अप्पा दारात उभे राहून बघत होते, त्यांनाही आत येऊ दिलं नाही.
१०.४० प्रोसेसर बसवला. सॉकेटची लिव्हर दाबताना कर्र आवाज झाला. व्हिडिओत सांगितलंय, थोडा आवाज होतोच.
१२.३० रॅम, एसएमपीएस, ग्राफिक्स कार्ड. एक स्क्रू उरला. उरणं चांगलं, कमी पडला असता तर?
१.१५ बटण दाबलं. पंखा फिरला. दिवा लागला. अप्पांनी टाळी वाजवली. एकच, मग थांबले.
स्क्रीन काळा.
४.०० काळा. सगळं काढून पुन्हा बसवलं. फक्त प्रोसेसर हलवला नाही, कारण तो नीट बसलाय.
पुरणपोळी केली होती. चव लागली नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
काळा.
विचार केला. माझी वही बरोबर, यादी बरोबर, सोवळं बरोबर. म्हणजे माल खोटा. तीनदा सांगणाऱ्या माणसाचा मला तेव्हाच संशय आला होता. मॅपवर नागोजींच्या दुकानाला एक तारा दिला. लिहिलं: "गोड बोलून सदोष माल देतात. सावध राहा." पाठवण्याआधी शुद्धलेखन दोनदा तपासलं.
कविताअक्कांनाही सांगितलं, म्हणजे विद्यानगरात सांगितलं.
प्रभंजन, नागोजी, आणि एक प्रकारे आत्यासुद्धा, तिच्याच रीतीपायी एक आख्खा दिवस गेला. ज्याला ज्याला मानलं त्यानं त्यानं मला तोंडघशी पाडलं. सोमवारला तीन दिवस.
संध्याकाळी रिव्ह्यूखाली दुकानाचं उत्तर आलं. "अक्का, घेऊन या, बघू." हे कुणाला तरी दाखवायला म्हणून लिहिलेलं असणार.

४ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी २
रिक्षानं मशीन नागोजींकडे नेलं. शनिवारी लोखंड आणत नाहीत, नेण्याबद्दल काही सांगितलेलं नाही.
नागोजींनी प्रोसेसर काढला, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. मग चिमट्यानं काहीतरी उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. पिवळा तांदूळ, दबून तीन तुकडे झालेला.
म्हणाले, भुसार माल पलीकडच्या दुकानात, अक्का. माझ्याकडं तांदूळ ठेवत नाही.
दोरखंडवाले हसले. नागोजी हसले नाहीत.
सुईनं तासभर पिना सरळ केल्या. दोन झाल्या. तिसरी तुटली. आता हा बोर्ड गेला, कंपनी बदलून देणार नाही, नवा मागवायला दहा दिवस. चहा पाजला. रिव्ह्यूचा विषय काढला नाही. मी वाट बघत होते, म्हणजे उत्तर देता आलं असतं. काढलाच नाही. ह्याला काय म्हणावं मला कळत नाही.
मुंगीवर उगाच आळ घेतला.

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११
सकाळी अप्पांना सांगितलं की सोमवारी जमत नाही, हेडमास्तरांना होय म्हणा. अप्पा आत गेले. आत्याच्या खाटेखालची रजई ओढली. खोकं. शोरूमचं तयार मशीन.
मी बिल मागितलं. मला बिलं वाचायची सवय आहे.
तारीख १७ सप्टेंबर.
पितृपक्ष. त्यात एकादशी. केरसुणी न आणणाऱ्या माणसानं उपाशीपोटी जाऊन आणलंय. त्या दिवशी त्यांच्या तोंडाकडे बघितलं होतं मी. थर्मल पेस्टमुळे विचारलं नाही.
म्हणजे सतरा तारखेपासून यांना खात्री होती की मला जमणार नाही. माझी वही तिसऱ्या पानावर होती तेव्हापासून. आणि आत्या त्यावर झोपत होती. अठरा दिवस. मी म्हटलं, तुम्ही मला फसवलंत. अप्पा म्हणाले, हो. शाळेची ऑफर घेतेस का हे घेतेस?
आत्या म्हणाली, ज्यांच्यासाठी पाळायचं त्या पितरांची मी माफी मागितली, त्यांची काही हरकत नव्हती.
खोक्यावर खंडेनवमीचं कुंकू होतं. चिकटपट्टीच्या वर, कुंकवात चिकटलेल्या अक्षता. मोजल्या. चारही जागेवर.

६ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी १
प्लग लावला, बटण दाबलं, चालू झालं. नऊला दहा कमी. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.
नागोजींच्या दुकानाचा एक तारा काढून पाच दिले. कारण लिहायच्या जागेत काय लिहावं सुचलं नाही, रिकामी सोडली.
नऊ वाजता मीटिंग. नऊ जणं. शीतल मॅडमनी ओळख करून दिली. म्हणाल्या, ही वेदश्री, हुबळीची. हिनं स्वतःचं मशीन स्वतः बनवलंय, आपल्याकडे हे कुणालाच येत नाही. सगळ्यांनी टाळ्यांची चिन्हं पाठवली.
अप्पा मागे वर्तमानपत्र वाचत बसले होते. पान उलटायचं थांबले.
माझा माईक बंद होता. तो कुठं दाबून चालू होतो हे मला माहीत होतं. दाबलं नाही.
अप्पांनी पान उलटलं.
लिहून ठेवलं.