अंधाऱ्या खोलीच्या चार खिडक्या

पदार्थविज्ञान विभाग (तळमजला, जिन्याशेजारी),
गिरणाकाठ विज्ञान विद्यापीठ, जळगाव.
दि. ७ मार्च

तीर्थस्वरूप लोटन आबांना तोतारामचे दोन्ही हात जोडून, आणि अक्काला वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तुम्ही गुडघ्याला न बांधता मिरचीच्या पोत्याला बांधता, असं अक्का फोनवर सांगत होती (मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं). यंदा दोंडाईच्याला मिरचीची आवक जोरात असावी, कारण परवा तिकडून आलेल्या एसटीतून उतरलेला प्रत्येक माणूस शिंकत होता. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण आबा, फोनवर तुम्ही ‘बोल’ म्हणता, आणि मी बोलायला लागलो की ‘ठेव आता’ म्हणता. पत्र ठेवलं तरी टेबलावर राहतं.

मी इथे सव्वीस वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. (लग्नकार्यात तुम्ही माझी ओळख ‘आमचा शालक शास्त्रज्ञ आहे’ अशी करून देता, ते कृपा करून थांबवा. मागच्या लग्नात जामनेरच्या एका पाहुण्याने मला मांडवातून उठवून त्याच्या ट्रॅक्टरचं बंद पडलेलं इंजिन दाखवायला नेलं, आणि तोवर पंगत उठली.) तर आमच्या विभागात एक अंधारी खोली आहे. तिला खिडकी नाही, झरोका नाही, दार लावलं की स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. प्रकाशाचे बारीक प्रयोग तिथेच होतात, कारण बारीक प्रकाश मोजायचा तर दुसरा कुठलाच प्रकाश आत नको. एवढी साधी गोष्ट आहे. माझ्या नातवालाही कळली. फक्त तिचं छत एका कोपऱ्यात गळत होतं, म्हणून आमच्या विभागप्रमुख डॉ. सुलक्षणा मॅडमनी तीन वर्षांपूर्वी बांधकाम शाखेला एका ओळीचा अर्ज केला, की अंधाऱ्या खोलीचे छत गळते, तरी दुरुस्ती व्हावी. पुढचं सगळं त्या एका ओळीतून उगवलं.

मागच्या पावसाळ्यात अख्ख्या इमारतीच्या नूतनीकरणाचं काम निघालं आणि जितेंद्र साहेब पाहणीला आले. बांधकाम शाखेचे अभियंते. तरुण, गोड बोलणारे, खोलीतसुद्धा डोक्यावरचं हेल्मेट न काढणारे. (मुलगा वाईट नाही हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही पुढचं वाचून त्याच्या गावात कोण ओळखीचं आहे ते शोधायला लागाल.) प्रत्येक खोलीत नैसर्गिक उजेड किती आहे ते त्यांना नोंदवायचं होतं. उजेड मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं, ते त्यांनी आमच्याकडूनच घेतलं. अंधाऱ्या खोलीत यंत्राने शून्य दाखवलं. साहेबांनी यंत्राला टिचकी मारली. तरी शून्य.

“अहो, ही अंधारी खोली आहे,” मॅडम म्हणाल्या.

“तेच म्हणतोय मी मॅडम,” साहेब म्हणाले, “आणि इतकी वर्षं तुम्ही हे सहन केलंत!”

त्यांचा आवाज खरोखर जड झाला होता आबा. मी शेजारीच उभा होतो.

त्यानंतर मॅडमनी बांधकाम शाखेला तीन पत्रं लिहिली, की आम्हाला अंधार हवा आहे, अंधार हीच आमची सोय आहे. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं, की आपण आपल्या तिन्ही पत्रांत खोलीत अंधार असल्याचे स्वतःच मान्य केलेले आहे, सबब खिडक्यांच्या कामास मंजुरी देण्यात येत आहे. मॅडमनी ते पत्र दोनदा वाचलं आणि मला म्हणाल्या, “तोताराम, पाणी द्या.”

दिवाळीच्या सुट्टीत मी सासुरवाडीला एरंडोलला होतो. (सासूबाईंनी अनारसे केले होते. त्यातला एक अजून माझ्या दाढेत आहे.) सुट्टी संपवून आलो, नेहमीसारखं कुलूप काढलं आणि आत पाऊल टाकलं. सव्वीस वर्षं त्या खोलीत मी डोळे मिटल्यासारखाच चाललो आहे. कुठे टेबल, कुठे स्टूल, पायांना पाठ. त्या दिवशी समोर लख्ख ऊन होतं आणि मी सरळ जाऊन टेबलावर आपटलो. उठून पाहतो तर भिंतीला चार खिडक्या! सरकत्या काचांच्या, जाळीच्या, एकीतून कॅन्टीन दिसत होतं आणि कॅन्टीनमधला माणूस मला हात करत होता. छत अजून गळतच होतं. फरक एवढाच, की आता गळताना दिसत होतं.

हे सगळं कुणाच्या जिवावर बेतलं तर ललिताच्या. ही मुलगी सातपुड्याच्या पायथ्याची, चोपड्याच्याही वरच्या अंगाच्या एका पाड्यावरची. तिथून शिकत शिकत इथवर आली आणि आता पीएच.डी. करते आहे. तिच्या गावच्या नाल्यात एक पांढरा दगड सापडतो. त्याची पूड अंधारात तापवली की ती क्षणभर उजळते. हजारो वर्षं त्या दगडाने साठवलेलं काहीतरी असतं, ते तेवढ्यात बाहेर पडतं. (मॅडमनी मला नीट समजावलं होतं, मी तुम्हाला तितकंसं नीट समजावू शकत नाही.) मुख्य गोष्ट अशी, की एक पूड एकदाच उजळते. पुन्हा तापवली तर नुसती गरम पूड. ललिताकडे मोजून सात पुड्या उरल्या होत्या आणि प्रबंध द्यायची वाढवून मिळालेली शेवटची तारीख होती अठ्ठावीस फेब्रुवारी.

आम्ही काय नाही केलं! खिडक्यांना पडदे मागितले, तर भांडारातून पांढरे आले. काळा कागद चिकटवला, तर नवीन काम विद्रूप केलं म्हणून समज देणारं पत्र आलं आणि कागद निघाला. ललिता गोधडीखाली यंत्र घेऊन बसली, तर गोधडी माझ्या आजीच्या हातची, भोकंच भोकं. शेवटी जानेवारीत माझ्या डोक्यातून कल्पना निघाली (इथे थोडा दोष माझाही आहे). विभागात एक जुनं लोखंडी कपाट आहे, माणूसभर उंच. त्याचे खण काढले, फटींना चिंध्या लावल्या, मागच्या भोकातून वायर आत घेतली, आणि ललिता स्टूल, यंत्र आणि पुडी घेऊन कपाटात बसली. मी बाहेरून दार लावलं. थंडीचे दिवस होते म्हणून निभावलं, मे असता तर जळगावच्या उन्हात पोरगी आत शिजली असती.

सव्वा तास झाला. आतून तिने टकटक केली की मी दार उघडायचं, असं ठरलं होतं. मी पाणी प्यायला गेलो. तेवढ्यात जितेंद्र साहेब काम पूर्ण झाल्याची तपासणी करायला आले, आणि वायर कुठे जाते ते पाहायला त्यांनी कपाट उघडलं.

आबा, साहेब जे ओरडले ते मी नळावर ऐकलं. ललिताही ओरडली. पण ती घाबरून नाही, पुडीसाठी ओरडली. पूड नेमकी त्याच घटकेला तापत होती. सातातली एक गेली. साहेब भिंतीला टेकून हेल्मेटने वारा घेत होते आणि विचारत होते, “ताई, तुम्हाला कुणी कोंडलं?” मॅडम धावत आल्या, त्यांनी सगळं समजावलं, साहेबांनी मान हलवत हलवत सगळं लिहून घेतलं. आम्हाला वाटलं, सुटलो. आठ दिवसांनी एक माणूस पत्रा कापायचं मशीन घेऊन आला आणि त्याने कपाटाच्या दाराला हातभर खिडकी पाडली. काच बसवली, जाळी बसवली, वर रंगाने लिहिलं ‘खिडकी क्र. ५’.

त्या दिवशी ललिता रडली. चार वर्षांत मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. व्हरांड्यात सिमेंटच्या गोण्यांवर बसून, ओढणी तोंडात कोंबून रडत होती. मला राहवलं नाही, घरची बोलीच तोंडात आली. “कसाले रडस माय? बठ्ठं व्हई जाई,” मी म्हणालो खरा, पण हे सगळं कसं व्हई जाई ते मला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात प्लास्टर करणाऱ्या टोळीतला एक गडी हातातली थापी टाकून पुढे आला. उखा त्याचं नाव. रोज माझ्याकडे पिण्याचं पाणी मागायचा, ‘साहेब’ म्हणायचा, त्यापलीकडे बोलायचा नाही. तो ललितासमोर उकिडवा बसला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. सगळा हात चुन्याचा, तिचे केस पांढरे झाले.

तो तिचा बाप होता आबा! तीन महिने आमच्या डोळ्यांसमोर काम करत होता आणि आम्हाला पत्ता नाही. लेकीला कमीपणा नको म्हणून त्यानेच तिला शपथ घातली होती. ललिताने त्यांच्या बोलीत त्याला काहीतरी सांगितलं, बराच वेळ सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. मग तो मॅडमपुढे जाऊन उभा राहिला.

“बाई, कागदावर खिडक्या दोनच होत्या,” तो म्हणाला. “दोन मी वाढवल्या.”

“का हो?”

“मी पहिल्यांदा आलो, तर ही त्या काळ्या खोलीतून डोळे चोळत बाहेर आली. बाकीची पोरं उजेडात बसलेली. मला वाटलं, आमचीच पोरगी अंधारात बसवली. मुकादमाला म्हटलं, ती खोली मला दे.”

मॅडमनी स्वतः जाऊन त्याला पाणी आणून दिलं.

पुढच्या रविवारी, विद्यापीठ बंद असताना, उखा एकटाच आला. चहा नाही, जेवण नाही, सकाळी सातला लागला तो दिवस मावळेपर्यंत. चारही खिडक्या त्याने आतून विटांनी बुजवल्या, पण काचेपासून वीतभर जागा सोडून. त्या जागेत भांडारातून आलेले तेच पांढरे पडदे टांगले. बाहेरून पाहावं तर चार खिडक्या, काचा, जाळ्या, मागे पडदे. आतून पाहावं तर काहीच नाही, कारण आत काही दिसतच नाही. मी दार लावून आत उभा राहिलो आणि हात डोळ्यांसमोर धरला. हात नव्हता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! जाता जाता तो छतावर चढला, कोपऱ्याच्या सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप मुळासकट उपटलं, भेग भरली आणि उतरला. बादलीभर पाणी ओतून पाहिलं, तर थेंब खाली आला नाही.

सोमवारी जितेंद्र साहेब आले. बाहेरच्या बागेतूनच त्यांनी खिडक्या मोजल्या. चार भरल्या, कागदापेक्षा दोन जास्तच. पडदे पाहून तर फारच खूश झाले. “बघा मॅडम,” म्हणाले, “पडदे लावायची वेळ आली, म्हणजे आत किती उजेड येत असेल!” आणि काम समाधानकारक पूर्ण झाल्याचा दाखला तिथल्या तिथे सही करून दिला.

नऊ दिवसांत ललिताची सहाही मोजमापं झाली. सत्तावीस तारखेला प्रबंध गेला. दुसऱ्या दिवशी तिने उखाला अंधाऱ्या खोलीत बसवलं. शेजारी मॅडम, मागे मी. पुड्यांच्या कागदांना चिकटलेली चिमूटभर पूड तिने झटकून गोळा केली होती, ती तापवली. थोडा वेळ काही नाही. मग काजव्याएवढा पिवळसर उजेड आला, जरा वाढला आणि गेला.

अंधारात उखाचा आवाज आला, “परत दाखव.”

“बा, परत नाही होत. एकदाच होतो.”

“मग आधी सांगायचं,” तो म्हणाला, “मी नीट बसलो असतो.”

बाहेर आल्यावर मॅडम चष्मा पुसत होत्या. मी दाराचं कुलूप दोनदा लावलं, कारण पहिल्यांदा नीट दिसलं नाही. असो. सगळं गोड झालं, कुणाचं कुणाशी भांडण उरलं नाही, आणि माझं तुमच्याकडे मागणं काहीच नाही. सहज लिहावंसं वाटलं, लिहिलं. गुडघ्याला जपा, अक्काला माझ्या वाटणीचं बोलू द्या.

तुमचा,
तोताराम

ता. क. मागणं काही नाही असं वर लिहिलं, ते खरं नाही. मुकादम अभिमनला विटा कमी भरल्या, त्याने चौकशी केली, आणि उखाने विचारल्याबरोबर सगळं कबूल केलं. ‘जो फोडतो तोच बुजवतो, असा गडी मला नको,’ म्हणून अभिमनने त्याला काढून टाकलं. तुमच्या मिरचीच्या नव्या गोदामाचं वीटकाम अडलं आहे, गवंडी मिळत नाही, हे अक्काकडून कळलं. उखाची भिंत ओळंब्याला केसभर चुकत नाही. बिडी नाही, दारू नाही, उशिरा येणं नाही.

आणखी ता. क. एक दोष आहे, तो लपवत नाही. त्याला सांगितलेलं काम तो करतोच, पण मनाला पटलं तर त्यात भरही घालतो. तेव्हा सुरुवातीला जरा शेजारी उभे राहा.

शेवटचा ता. क. ‘पाडव्यानंतर पाठव, विचार करून सांगतो’ असं तुम्ही म्हणणार, मी ओळखतो तुम्हाला. ते आता जमण्यासारखं नाही. पाकिटाला तिकीट नाही हे तुमच्या लक्षात आलं नसेल. मी त्याला आज सकाळच्याच सुरत गाडीत बसवून देतो आहे. हे पत्र ज्याने तुमच्या हातात दिलं तोच उखा. एवढं लांबलचक पत्र तुम्ही वाचत होतात तोवर तो उंबऱ्याबाहेर उभाच असणार, कारण सांगितल्याशिवाय तो बसत नाही. आबा, त्याला आधी आत घ्या.