न खोडता येणारी कामं

क्राकोव, सोमवार

ती. क्रिस्टिनाताईस,

वाकून नमस्कार. तुझी कंबर, भावजींचा खोकला आणि बाबांचा राग, तिन्ही थंडीत वाढतात, तेव्हा तिन्हींची खुशाली कळव. माझं बरं चाललंय. (हे खोटं आहे, पण पत्राची सुरुवात दुसरी कशी करणार?)

आमच्या लिद्काने नोकरीला बाहेरगावी जाताना बापाचं मन रमावं म्हणून संगणकावर एक खेळ घालून दिला. त्यात तलवार घेऊन मोकळ्या मुलखात हिंडायचं. माझा म्हातारा बाप डोंगरापलीकडच्या किल्ल्यात कैदेत आहे, त्याला सोडवणं हे मुख्य काम. मी निघालोही होतो, पण पहिल्याच गावात एका विधवेने हरवलेलं बदक शोधून द्यायला सांगितलं. रडत होती गं, हो म्हणालो. मग पाद्र्याची घंटा, खाणावळवाल्याच्या तळघरातले उंदीर, कुणाच्या तरी रुसलेल्या जावयाला निरोप. आज यादीत एकशे बारा कामं आहेत आणि एकही खोडायची सोय नाही. लिद्का फोनवर म्हणते, "बाबा, दुर्लक्ष करा ना, ती काय खरी माणसं आहेत?" कसं करणार? यादी उघडली की बदक सगळ्यात वर. शेवटी मी गावंच टाळायला लागलो. लोक हाका मारतात म्हणून दलदलीतून जातो (तीनदा बुडालो). एकदा कंटाळून विधवेला दुसरंच बदक नेऊन दिलं. तिने ते ओळखलं, तरी ठेवून घेतलं. आता जुनं बदक शोधणं आहेच, वर ह्याला दाणे आणणंही माझ्याच गळ्यात.

सात महिने झाले, बाप किल्ल्यातच आहे. लिद्का म्हणाली, काही बिघडत नाही, कधीही गेलात तरी तो जिवंतच सापडेल, खेळ तसाच बनवलाय. ते ऐकून मी संगणक बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

ताई, आई गेली त्या दिवशी मी आमच्या डेपोतल्या म्येतेकच्या पाळीवर ट्राम चालवत होतो. त्याने गयावया केली, मी हो म्हणालो. तुमचं तार्नुव इथून तासाभरावर, आणि मी पोचलो तेव्हा तुम्ही मेणबत्त्या लावून बसला होतात. दोन वर्षं बाबा माझ्याशी बोललेले नाहीत. त्यांचं काही चुकलं नाही. मला फार लाज वाटते.

भावजींना मफलर बांधायला सांग.

तुझा,
झेनॉन

ता.क. गुरुवारी बाबांच्या नावाच्या संताचा दिवस, म्हणजे त्यांचा नामदिन. मी आलो तर ते दार उघडतील का, एवढं विचारून ठेव.

ता.क. २. नको, विचारू नकोस. नामदिनाला आपल्यात बोलावतं कोण? ज्याला आठवण असते तो येतो. गेल्या वर्षी मी बोलावण्याची वाट बघत घरी बसलो, असा मूर्ख मीच. सकाळच्या गाडीने खसखशीचा केक घेऊन येतो.

ता.क. ३. म्येतेकने गुरुवारची पाळी माझ्याकडे मागितली आणि मी हो म्हणून बसलोय. त्याचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. ताई, त्याला तू नाही सांग. बायको आजारी आहे म्हणेल. ती खरंच आजारी आहे. तरी सांग.