आडी महिन्यातली किल्ली

२६ जुलै ९९, सोम.
परत तेच. ऑफिसचे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलीत, आणि ती उघडते फक्त माझ्या किल्लीने, म्हणजे कंप्यूटरातल्या माझ्या गुप्त आकड्याने. माझ्यामागे काम बघणाऱ्या राव सरांची किल्ली फ्लॉपीवरून आणून जोडायला गेलं की पडद्यावर एकच ओळ : या किल्लीवर भरवसा नाही. मॅनेजरचंही एकच पालुपद : दुसऱ्या कुणाला फाइल उघडता आल्याशिवाय रजा नाही. शनिवारची गाडी आहे. पुढच्या सोमवारी पुण्यात आईचं हृदयाचं ऑपरेशन.

२७, मंगळ.
सरांना शेजारी बसवून किल्लीचा लांबलचक आकडा ताडून पाहिला. दोनदा. बरोबर. तरी नाही. डोकं फुटायची वेळ आलीय.

२८
दिवसभर वीज जा-ये. अण्णा नगरातला एकही पंखा धड फिरला नाही. काम शून्य.

२९, गुरु.
सापडलं! कंप्यूटरची खरी तक्रार मीच लिहिलेला छोटा प्रोग्रॅम गिळत होता, गाढव मी. सरांच्या किल्लीवर जन्मतारीख २० ऑगस्ट. म्हणजे अजून जन्मलीच नाही, भरवसा कसा बसणार!
सरांना विचारलं. तंजावरकडचे, मराठी आमचीच, चाल तमिळ. शांतपणे म्हणाले, "आडीमासांत नवं कांही आरंभ करूं नये, अम्मा. म्हणून कंप्यूटरांत तारीख पुढें करून किल्ली केली. मग तारीख परत ठेवली की!"
आडी म्हणजे साधारण आपला आषाढ; त्यात आमच्याकडेही लग्नं होत नाहीत. पण किल्ली? "नवी करा," म्हटलं. सर म्हणाले, "आडी संपूं दे." आडी संपणार ऑगस्टच्या मध्यावर. मी ओरडले. अख्ख्या ऑफिसने माना वळवल्या. लाज वाटली, राग गेला नाही.

३०, शुक्र.
सकाळी शेवटी सांगितलं, रजा कशासाठी ते. आधीच सांगायला हवं होतं, पण घरातलं ऑफिसात बोलायची सवय नाही.
"केव्हां?"
"सोमवारी."
सर उठले. मग चप्पल काढून मशीनपुढे बसले, डोळे मिटले आणि नवी किल्ली केली. आजच्या, खऱ्या तारखेची. मी माझ्या किल्लीने तिच्यावर भरवशाची सही केली. फाइल त्यांच्याकडे पहिल्या फटक्यात उघडली. मॅनेजरने रजेचा अर्ज न वाचताच मंजूर केला.
निघताना सरांनी आईचं नाव, नक्षत्र विचारून घेतलं. कपालीश्वराच्या देवळात तिच्या नावाने अर्चना करणार म्हणाले. ऑपरेशन आडी संपेपर्यंत पुढे ढकलता येईल का, हे मात्र विचारलं नाही. विचारलं असतं तर मी परत भांडले असते आणि बरं वाटलं असतं.
रात्री मीच डॉक्टरांना फोन लावला, आडीनंतरची तारीख मिळेल का बघायला. त्यांनी उचलला, तर ते विचारवेना. ठेवून दिला.