आईचा विडा

सुपानबुरी,
१९ मार्च, बुद्धसंवत २४८६

प्रिय छवीताईस,

धाकट्या चरूनचा हात जोडून नमस्कार. तुझं पत्र येऊन अठरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो शाळेच्या परीक्षांमुळे. या दिवसांत हेडमास्तराला मान वर करायला सवड नसते, हे तुला का सांगायला हवं?

इकडे सगळं ठीक. पुराने खालच्या शेतातला भात कुजला, वरच्यातला हाती लागला. म्हैस व्यायली, रेडकू झालं. आईच्या मागे आता पिन मावशीच घरातलं वडीलधारं माणूस. गुडघे धरून हिंडते आणि भेटेल त्याला फैलावर घेते. टोपीशिवाय बाईमाणसाने बाजारात यायचं नाही असा हुकूम आहे ना, तर परवा तिने माशांची टोपली पालथी करून डोक्यावर घातली आणि हवालदाराला म्हणाली, "घ्या! झाला ना तुमचा देश मोठा?" अख्खा बाजार हसला. मी हसलो नाही.

पेटीत ठेवताना आईच्या तोंडात विडा कुणी घातला, असं तू विचारलंस. सांगतो. पण आधी झाडांचं सांगू दे.

पान खाण्यावर बंदी आली तेव्हा मला ती पटली होती, ताई. खोटं कशाला बोलू? आजही निम्मी पटते. आजूबाजूचे सगळे देश गोऱ्यांनी गिळले, आपला तेवढा उरला. तो राखायचा तर आपण सुधारलेले दिसलो पाहिजे, रस्त्यात लाल पिचकाऱ्या मारणारे नाही, असं मी वर्गात घसा फोडून सांगत होतो. घरी आईलाही सांगितलं. ती विडा कुटता कुटता म्हणाली, "जुनी राजधानी अयुथ्या जळाली तेव्हा माझी खापरपणजी पोर काखेत नि पानाचा डबा डोक्यावर घेऊन पळाली. त्या डब्याने देश बुडाला नाही. आता तुझ्या टोपीने तरणार होय रे, मास्तर?"

मामलेदारांना गावापुढे एक उदाहरण हवं होतं. मी आपलं घर दिलं. बाबांनी लावलेल्या अकरा पोफळी मी स्वतः कुऱ्हाडीने तोडल्या. शाळेची मुलं रांगेत उभी राहून झेंड्याचं गाणं म्हणत होती. आई जिन्याच्या पायरीवर बसून बघत होती. त्या दिवशी जेवायला हाक मारली तर येऊन बसली. भाजीत मीठ कमी आहे म्हणाली.

तुला मी तार केली, "शांतपणे गेली." ते खोटं आहे, ताई.

शेवटच्या दिवशी ताप उतरला होता. शुद्ध चांगली होती. तिने तीनदा पान मागितलं. "एवढंसं दे रे चरून. तोंड कसंसंच झालंय. चघळते नि झोपते." पान नव्हतं असं नाही. पोरांना सोडायला येणाऱ्या बायकांकडून जप्त केलेले विडे शाळेच्या कपाटात होते, किल्ली माझ्या खिशात, शाळा अंगणापलीकडे. पण मामलेदारसाहेब तिच्या प्रकृतीची चौकशी करायला आले होते. बाहेर ओट्यावर बसले होते. मी म्हणालो, "साहेब जाऊ देत आई, मग देतो."

"तुझे साहेब जातात कधी?" एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

साहेब चहा घेऊन उठले, मी त्यांना फाटकापर्यंत पोचवून आलो. तोवर ती गेली होती.

अजून संपलं नाही. तिच्या हातावर निरोपाचं पाणी घालायला सारा गाव जमला. साहेबही परत आले, पुढेच बसले. पिन मावशी म्हणाली, "विडा आण रे. लेकाने घालायचा असतो." मी म्हणालो, "या घरात पान नाही, मावशी." तेव्हा तिने सगळ्यांदेखत कनवटीचा विडा काढून पुढे केला. मी तिचा हात धरला, ताई. धरून मागे सारला. मग पेटीवर झाकण ठोकलं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, कुणीच नाही. आपली आई रिकाम्या तोंडाने पेटीत पडली आहे, विहारात अग्नीपर्यंत पेट्या ठेवतात त्या खोलीत. पिन मावशीने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. फैलावर घेते ती इतरांना.

सोंगक्रानचा नववर्षाचा सण संपला की शंभर दिवस भरतात. अग्नी द्यायच्या आधी नारळाच्या पाण्याने तोंड धुवायला झाकण काढतील. तेव्हा मी विडा ठेवणार आहे. साहेब समोर असोत नसोत. नोकरी गेली तर गेली, म्हैस राखीन. काल हे पिन मावशीला सांगितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"घाल हो," म्हणाली. "मागत होती तेव्हा तोंड उघडं होतं."

ताई, तू ये. गाड्या जपानी शिपायांनी भरलेल्या असतात, ठाऊक आहे. उशीर झाला तर मी सगळ्यांना थोपवून धरीन. आल्यावर चारचौघांत माझ्या थोबाडीत मार, पण ये. ते झाकण एकट्याने काढायची माझी छाती होत नाही.

आईचा मुलगा असं लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसता

तुझा भाऊ,
चरून